खळ्यात वाळत घातलेलं विमान

माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं या जन्मात पटलेलं नाही. पुढे पटेल अशी आशा दोघांनाही नाही. ती विधवा होऊन माहेरी आली तेव्हा मी नौदलात होतो. मी निवृत्त होऊन मुरुडला परतलो तेव्हा घर, होडी, सुकटीचा धंदा, सगळं तिच्या मुठीत. माझी बायको गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. सकाळचा चहासुद्धा भांडणाशिवाय घशाखाली उतरत नाही.

यंदा सासरी असलेल्या मुलीला सांगून मी प्लास्टिकचं विमान मागवलं. सुटे भाग असतात, आपण जोडायचे, रंगवायचे. सी हॉक. महायुद्धानंतर ब्रिटिशांनी बांधलेलं आणि मग आपल्या नौदलाने घेतलेलं जेट. उमेदीच्या वर्षांत मी त्याचाच मेकॅनिक होतो. डेकवर त्याच्या चाकांखाली ठोकळे सरकवायचे, पंख वर दुमडले की कड्या तपासायच्या, वैमानिक परत येईपर्यंत जीव मुठीत धरून उभं राहायचं. ते विमान एकदा माझ्या हाताने उभं करायचं होतं, आणि घाई होती. अलिबागच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी जमेल तेवढी राखायची. कडेचं दिसणं गेलंच होतं. मधलं आहे तोवर विमान पुरं व्हायला हवं होतं. मी कुणाला काही बोललो नाही. बहिणीला सांगणं म्हणजे अख्ख्या कोळीवाड्यात दवंडी पिटणं.

पहिला खटका शिशावरून उडाला. या विमानाच्या नाकात वजन घालावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. मी तिच्या फाटक्या जाळ्याच्या कडेचं थोडं शिसं कापून घेतलं. बस्स, झालं सुरू!

"जल्लं मेलं लक्षन! म्हातारपनी भावल्या खेलतोय. माज्या जाल्याला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवते!"

"ते जाळं तू कधी पाण्यात टाकणार होतीस? वर गेल्यावर?" मी म्हणालो. दोन दिवस तिने माझ्या ताटात कालवण वाढलं नाही. मी कोरडा भात गिळला, पण माघार घेतली नाही.

मग सूड म्हणून तिने घर आवरायला काढलं. ज्या पडवीत जन्मभर पाय ठेवायला जागा नव्हती, तिथल्या टोपल्या हलल्या, दोरखंड हलला. माझं बसायचं स्टूलही भिंतीला गेलं. मी ते माझ्या जागी आणून ठेवायचो, ती परत सरकवायची. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी ओरडायचो, ती ढिम्म.

तरी काम पुढे सरकत होतं. मोबाईलचा टॉर्च तोंडासमोर टेकवून, एकेक तुकडा नाकाशी धरून मी धड जोडलं, पंख पसरून चिकटवले. मे महिन्यात रंगाला हात घातला. पोटाला फिकट, वर गडद राखाडी. त्या दुपारी रंग देऊन झाला आणि विमान खिडकीत सावलीला ठेवून मी जरा आडवा झालो.

उठलो तर खिडकी रिकामी.

बाहेर खळ्यात जवळा सुकायला पसरलेला होता, आणि त्याच्या मधोमध, रणरणत्या उन्हात, माझं विमान! कावळ्यांनी उचलू नये म्हणून वरून जाळं टाकलेलं. ओलं दिसलं की उन्हात घालायचं, एवढंच या बाईला आयुष्यभर ठाऊक. मी जाळं फेकून विमान उचललं. दोन्ही पंख उन्हाने मऊ होऊन खाली लोंबले होते. रंगात जवळा चिकटला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते मी तिला बोललो. बोटीवरच्या शिव्याही दिल्या. आईबापाचं नाव काढलं, जे दोघांचं एकच आहे, याचंही भान राहिलं नाही. शेजारणी कुंपणाशी जमल्या. ती जवळा हलवत राहिली. मी थांबलो तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"झालं भुंकून? लवकर सुकलं आस्तं तर लवकर झालं आस्तं, म्हनून ठेवलं. नंतर तुला दिसनार हाय का ते?"



"का दिसणार नाही?" मी म्हणालो.

"डोलं जातायत तुजं. मी काय आंधली हाय? भिंत चाचपत चालतोस. शिमग्याला टोपलीला आडखलून पडलास नि म्हनालास पाय मुरगलला."

"तुला काय करायचंय माझ्या डोळ्यांचं?"

"मला काय करायचंय! खड्ड्यात जा," ती म्हणाली आणि पुन्हा जवळा हलवायला लागली.

मी तिला माफ केलेलं नाही, लिहून घ्या. त्या पंखांचं आता काहीही होणार नाही, आणि दुसरं विमान जोडण्याइतकी नजर मला उरेल असं वाटत नाही. त्या दुपारी लोंबकळत्या पंखांचं विमान छातीशी धरून मी घरात वळलो. उन्हातून आत शिरल्यावर मला काहीएक दिसेना. दोन्ही हात विमानाला गुंतलेले, भिंत धरायची सोय नाही. तसाच पडवी ओलांडून माझ्या खोलीपर्यंत गेलो. टोपली नाही, दोरखंड नाही, स्टूल नाही. वाटेत एकही वस्तू माझ्या पायात आली नाही.