माझी शपथ आणि मुलीने मोडलेला उपास

आमच्या सदर भागातल्या चर्चमध्ये लोक अजूनही मला थांबवून सांगतात, "तुमच्या उपासाने वहिनी वाचल्या." काही जण तर घरचं दुखणं घेऊन येतात आणि किती दिवस उपास धरायचा ते विचारतात. खरं काय घडलं ते मी गेल्या महिन्यात उपासनेत उभा राहून चार वाक्यांत सांगितलं, पण चार वाक्यांनी लोकांचं समाधान होत नाही. म्हणून हे लिहितो आहे. यात माझी शोभाच व्हायची आहे, ती होऊ दे. पण ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, तीही यातच आहे.

पत्नीच्या गर्भाशयात गाठ निघाली होती आणि रक्त जाणं थांबत नव्हतं. डॉक्टरांनी सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरवलं. इतकी वर्षं संडे स्कूल शिकवणारा मी, त्या आठवड्यात प्रार्थनेला गुडघे टेकले की नुसता भिंतीकडे बघत राहायचो. वर कुणी ऐकतं आहे की नाही, हा प्रश्न मनात आला आणि जाईना. ही शंका कुणाला सांगायची लाज वाटत होती. घाबरलेला माणूस गप्प बसत नाही, तो काहीतरी मोठं बोलून जातो. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, अशी ती रीत. मी उभा राहिलो आणि मी देवासाठी काय करणार ते सांगितलं. म्हणालो, "माझी बायको ऑपरेशन होऊन जिवंत बाहेर येईपर्यंत माझ्या घरात कुणी अन्नाला शिवणार नाही. जो शिवेल तो माझ्या घरचा नाही." मंडळीने मोठ्याने आमेन म्हटलं. पाळकसाहेब मात्र खाली बघत राहिले. मला त्या वेळी ते जरा थंडच वाटले.

घरात म्हणजे कोण, तर मी आणि आमची मुलगी. ती सीताबर्डीला एका दुकानात कामाला आहे, चोवीस वर्षांची, अंगाने काडी. तिला न विचारताच मी तिचं तोंड बांधून टाकलं होतं, आणि तिने एका शब्दानेही तक्रार केली नाही. माझा हिशेब सोमवार दुपारपर्यंतचा होता. पण सोमवारी रक्त कमी भरलं म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन मंगळवारवर ढकललं. पोरगी सोमवारी दिवसभर दुकानात उभी राहिली ती पाण्यावर. संध्याकाळी दवाखान्यात आली तेव्हा जिन्याचा कठडा धरून वर चढली. मी पाहिलं, आणि मला वाटलं, बघा, माझी मुलगी कशी शब्दाला जागते. तेव्हाही अभिमानच वाटला होता मला. तो कसला अभिमान होता, ते आठवलं की आज मान खाली जाते.

मंगळवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, आणखी एक बाटली रक्त हाताशी असल्याशिवाय टेबलवर घेणार नाही, आणि आजचा दिवस टळला तर पुढचं मी सांगू शकत नाही. पत्नीचा रक्तगट बी निगेटिव्ह. सगळीकडे फोन झाले, कुठेच नव्हतं. माझा गट वेगळा. मुलीचा मात्र तोच. आम्ही धावत रक्तपेढीत गेलो. तिथल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काही खाल्लं का?" ती खोटं बोलत नाही. म्हणाली, "परवापासून नाही." त्याने सुई बाजूला ठेवली. "असं नाही घेता येत ताई. आधी खाऊन या, मग बघतो."

आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. वर माझ्या बायकोचं रक्त जात होतं, खाली मुलीचं मिळत नव्हतं, आणि मधे माझी शपथ आडवी पडली होती. खा, एवढा एक शब्द मला म्हणता येईना. देवाची भीती होती, हे खरं. पण त्याहून जास्त, रविवारी मंडळीला काय तोंड दाखवू, ही होती. बाकाच्या टोकाला एक बाई डबा घेऊन बसली होती. नऊवारी नेसलेली, खेड्यातली, तिचंही कुणीतरी वर दाखल असावं. तिने आमचं बोलणं ऐकलं होतं. मला म्हणाली, "काहून गा भाऊ, पोरीले उपाशी ठेवून राहिला? तिची माय वरती हाय ना?" मी शपथेचं सांगितलं. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "पण देवानं मांगतलं होतं का तुमाले?"

तिने डबा उघडून भाकर आणि झुणका मुलीपुढे धरला. मुलगी माझ्याकडे वळली. आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "पप्पा, मी खाऊन राहिली. मले घरातून काढायचं असन तर काढा, पण आई घरी आल्यावर काढा." आणि तिने घास घेतला.

चार-पाच घासांत तिच्या डोळ्यांत उजेड आला. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि संडे स्कूलमधला एक धडा आठवला. आमच्या पवित्र शास्त्रात एका राजाची गोष्ट आहे. लढाईच्या दिवशी त्याने सगळ्या सैन्याला शपथ घातली, की संध्याकाळपर्यंत जो खाईल त्याला शाप. त्याच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. रानात मध दिसला, त्याने काठीच्या टोकाने चाखला, आणि त्याचे डोळे टवटवीत झाले. बापाने त्याला मारायचं ठरवलं, तेव्हा सैन्य आडवं आलं आणि त्यांनी राजपुत्राला सोडवलं. ही गोष्ट मी पोरांना कितीतरी वेळा शिकवली, आणि दर वेळी दोष मुलावर ठेवला, बापाचं ऐकावं म्हणून. राजाने ती शपथ घालताना देवाला विचारलंच नव्हतं, हे मला त्या बाकावर कळलं. त्याच राजाला पुढे म्हाताऱ्या संदेष्ट्याने ठणकावलं होतं, की देवाला तुझे बळीचे मेंढे नकोत, त्याचं म्हणणं तू ऐकावंस एवढंच हवं आहे. मी माझा मेंढा म्हणून पोटची पोर पुढे केली होती.

मुलीचं रक्त घेतलं, तपासून वर गेलं, आणि दुपारी ऑपरेशन झालं. नंतर मी डबा धुऊन त्या बाईला शोधत फिरलो. तिच्या माणसाला सुटी मिळाली, एवढंच एका सिस्टरने सांगितलं. ती कोण होती, त्याचा खल मी करत बसत नाही. ती होती, आणि तिच्या डब्यात दोन भाकरी जास्त होत्या, यासाठी मी रोज देवाचे आभार मानतो.

संध्याकाळी मला आत सोडलं. पत्नीने डोळे किलकिले केले आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरगी जेवली का?" मी म्हणालो, "जेवली. माझी शपथ मोडून जेवली." ती हसायला गेली, पण टाके ओढले. "शहाणी हाय माही लेक," ती पुटपुटली. "आन तुम्ही?" मी नाही म्हणालो. "मंग जा ना आता, काहून उभे राहिले?"

आता मी देवाला कसलंही वचन देत नाही. सकाळी बसतो, त्याला काय हवं ते विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचा प्रयत्न करतो. माझ्या स्वभावाला ते जड जातं. मुलगी अजून माझ्याच घरी आहे. आणि तुमच्या घरात देवाचं ऐकणारं कोण, असं कुणी विचारलं, तर मी भर मंडळीत, ताठ मानेने, तिच्याकडे बोट दाखवतो.