धायरीतून चंद्रावर गेलेले मामा

चंद्रावर पाऊल टाकलेल्या माणसांपैकी माझ्या बायकोच्या मामांइतका त्या जागेचा खोलवर विचार कुणीच केला नसेल. "रस्ता न्हाई, पाणी न्हाई, शेजार न्हाई," मामा सांगतात, "पण धायरीत तरी पयलं काय व्हतं? घिऊन ठिवायला हरकत न्हाई." मामांच्या शेतांचे केव्हाच प्लॉट पडले, राहिलं होतं एक रिकामं गोदाम. ते त्यांनी चंद्राला दिलं. अंतराळवीरांच्या पहिल्या चांद्रसफरी प्रचंड पडद्यासाठी हुबेहूब पुन्हा चित्रित करणारी मंडळी जागा शोधत होती. मामांनी भाडं घेतलं नाही. अट एकच, चंद्रावर चालणार ते स्वतः. एवढ्या मोठ्या पडद्यावर मामींनी आपल्याला बघावं, एवढीच त्यांची हौस. "त्वांड तर काचंआड," मामी म्हणाल्या, "वळखू कसं?"

तेव्हापासून मामा साधे चाललेच नाहीत. दूध आणायलासुद्धा तरंगत निघत. सिंहगड रस्ता ते इतक्या संथ उड्या मारत ओलांडायचे की रिक्षावालेही थांबून बघायचे, आणि हे पुण्यात सहसा कुणाला जमत नाही. जेवायला बसले की म्हणायचे, "चंद्रावर वजन सहापट कमी. सहा भाकरी म्हंजी एकच झाली." "पीठ हितंच दळलंय," मामी म्हणायच्या आणि तरी वाढायच्या.

चित्रीकरणाला मी हजर होतो. गोदामभर चाळलेली राख, सूर्य म्हणून एकच दिवा आणि दोरीला टांगलेले मामा. हिंजवडीतली नोकरी सोडून आलेली दिग्दर्शिका त्यांच्या चालीवर बेहद्द खूश होती. घोटाळा एकच. कुस्तीच्या तालमीत वाढलेले मामा शिडीवरून उतरले की वाकून राखेला हात लावत आणि तो कपाळाकडे नेत.

"मामा, प्लीज. ओरिजिनल फुटेजमध्ये असं नाहीये."

"अगं, नवी माती हाय. पाया पडल्याबिगर चालू कसं?"

दर वेळी तेच. शेवटी ती म्हणाली, "राहू दे, एडिटमध्ये कापते."

फिल्म लागली तेव्हा आम्ही सगळे गेलो. पडद्यावर दोन अंतराळवीर, दोघेही सारखेच पांढरे. मामी या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत होत्या आणि मामा पडदा सोडून मामींकडे बघत होते. तेवढ्यात एक जण दगड उचलायला वाकला. उठताना त्याचा मोकळा हात राखेला लागला आणि हळूच काचेपर्यंत गेला. तेवढं दिग्दर्शिकेनं ठेवलं होतं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, ऊन लागत असेल. मामींनी मामांचा हात धरला. "ह्ये आमचं," त्या म्हणाल्या, आणि माझे डोळे भरून आले.

आता गोदामही बिल्डरकडे गेलंय. मामा पुन्हा तुमच्याआमच्यासारखे चालतात, जरा थकल्यासारखे. पण चांदणं पडलं की मामी दारातून हाक मारतात, "अवो, भाईर या. तुमचा प्लॉट वर आलाय."