न झालेल्या परिषदेची बातमी

दीपनगरच्या वसाहतीत संघपाल तायडेला चहाला बोलवायचं, तर तोंड जरा सांभाळूनच उघडावं लागतं. माणूस सोन्यासारखा, पण खोड एक. तुम्ही सहज म्हणालात की पद्मालयचा गणपती हजार वर्षांचा आहे, की याचा कप बशीत आणि प्रश्न तयार, "कुठे लिहिलंय तसं?" अहो, माणूस गप्पा मारायला बसलाय, साक्ष द्यायला नाही! पण हे त्याला कोण सांगणार? त्याची बायको सुलक्षणा तर लोकांसमोरच म्हणते, "लग्नाच्या वेळी माझं वय सांगितलं होतं, तेव्हा नाही विचारलंत कुठे लिहिलंय म्हणून." मग संघपाल हसतो, आणि पुन्हा तेच करतो.

हे वेड त्याला लागलं ते इंटरनेटवरच्या ज्ञानकोशामुळे. दिवसभर वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर नजर ठेवायची, घरी येऊन अंगावरची काळी भुकटी धुवायची आणि कॉम्प्युटरसमोर बसायचं. तिथे कोणीही लेख लिहू शकतो, फक्त लिहिलेल्या गोष्टीला आधार दाखवावा लागतो. पुस्तक दाखवा, वर्तमानपत्र दाखवा. "मला माहीत आहे" हे तिथे चालत नाही. संघपालने खानदेशातली कितीतरी गावं, नद्या, यात्रा त्या कोशात नेऊन बसवल्या. आणि दुसऱ्या कोणी ठोकून दिलेली वाक्यं तो शेतातलं तण उपटावं तशी उपटायचा. दया नाही, माया नाही. लोक तिथे भांडायला यायचे, हा नियम दाखवून मोकळा व्हायचा.

आणि मग एके दिवशी त्याच्याच एका लेखावर 'आधार द्या, नाहीतर लेख काढू' अशी पाटी लागली.

लेख होता 'खानदेश बौद्ध युवा परिषद'. पाटी लावली होती धुळ्याच्या हितेंद्र नावाच्या संपादकाने. दोघं कधी भेटलेले नव्हते, पण वर्षानुवर्षं एकमेकांचं लिखाण तपासत होते. हितेंद्रने नीट, आदराने लिहिलं होतं, "भाऊ, पत्रकं, स्मरणिका, फेसबुकवरचे फोटो, हे सगळं परिषदेच्याच लोकांनी काढलेलं. बाहेरच्या कोणी लिहिलेली एक तरी बातमी द्या. पुढच्या आठवड्यापर्यंत नाही मिळाली, तर नियमाप्रमाणे लेख काढावा लागेल. हे मी तुमच्याकडूनच शिकलो."

संघपालचा पहिल्यांदा संताप झाला. मग त्याच्या लक्षात आलं की हितेंद्रच्या जागी आपण असतो तर शब्दन् शब्द हेच लिहिलं असतं. आता कोणावर चिडायचं?

ही परिषद सुरू करायचं डोक्यात आलं ते एरंडोलच्या अभिमन सुरवाडेच्या. संघपालचा जिवाभावाचा मित्र. आयटीआयला दोघं एका खोलीत राहिले, एका डब्यात जेवले. अभिमनचं म्हणणं असायचं, आपली पोरं जयंतीला नाचतात, मिरवणुकीत घसा फोडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक्यावर उभी. त्यांना एक दिवस तरी एका मांडवाखाली बसवा. धम्म काय, शिक्षण काय, व्यसन काय, हुंड्याशिवाय लग्न कसं करायचं, हे बोला त्यांच्याशी. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याने एरंडोलला पहिली परिषद ठरवली. रविवारी सकाळी पाहुण्या वक्त्यांना चाळीसगाव स्टेशनवरून आणायला तो मोटरसायकलवर निघाला, उजाडायच्या सुमारास. भडगावच्या अलीकडे ट्रकने उडवलं. जागच्या जागी गेला.

परिषद झालीच नाही. आलेली पोरं मांडवातून उठून थेट दवाखान्यात गेली. पुढच्या वर्षी मित्रांनी ती त्याच्या नावाने भरवली, आणि मग दरवर्षी भरत राहिली, कधी एरंडोलला, कधी धुळ्याला, कधी भुसावळला. संघपालने लेख लिहिला तेव्हा पहिल्याच ओळीत संस्थापक म्हणून अभिमनचं नाव घातलं.

तिथवर ठीक होतं. पण हे नाव अभिमनच्या आईच्या कानावर गेलं, आणि गोष्ट हाताबाहेर गेली.

लिलाबाईंना वाचता येत नाही. जन्मभर लोकांच्या शेतात कापूस वेचला, पोरांना शिकवलं. त्यांची नात प्राची, अभिमनच्या धाकट्या भावाची मुलगी, जळगावला कॉलेजात जाते. तिने एकदा मोबाईलमध्ये काकाचं नाव काढून आजीला दाखवलं. झालं! त्या दिवसापासून दारात येईल त्याला म्हातारी सोडत नाही. गॅस सिलेंडरवाला असो, आशाताई असो, मत मागायला आलेला उमेदवार असो. "मोबाईल शे ना तुनाजोडे? मंग मना अभिमनले काढ बरं." तो काढतो. मग ती त्या उजळलेल्या काचेकडे बघते आणि म्हणते, "हाऊ मना पोऱ्या. बठ्ठी दुनियाले दिखस." सगळ्या जगाला दिसतो, असं ती समोरच्याला ऐकवते. चहा पिऊन तो निघून जातो.

हा लेख गेला, तर पुढच्या खेपेला सिलेंडरवाला मोबाईल चाळेल आणि म्हणेल, आजी, इथे काहीच नाही. संघपालला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

त्याने रजा टाकली आणि धुळे गाठलं. तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे गठ्ठे वर्षवार बांधून ठेवलेले आहेत. नंतरच्या वर्षांच्या परिषदांची कुठे दोन ओळींची 'आज शहरात' छापाची नोंद सापडली, कुठे नुसता फोटो, खाली नाव भलत्याच कार्यक्रमाचं. त्यावर हितेंद्र काय ऐकणार! दुपार झाली. धुळीने शिंका येऊन डोळे लाल झाले. मग, ज्याला इतक्या वर्षांत हात लावला नव्हता, तो गठ्ठा त्याने उघडला. अभिमन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, सोमवारचा अंक. त्या आठवड्यात मित्रांपैकी कोणी पेपर बघितलाच नव्हता.

पाचव्या पानावर तीन कॉलमांचं शीर्षक होतं, 'एरंडोल येथे बौद्ध युवा परिषद उत्साहात संपन्न'.

क्षणभर त्याला आनंदच झाला, खोटं कशाला बोला. तारीख होती, गाव होतं, मोठ्या दैनिकाचं नाव होतं, खाली 'प्रतिनिधी' असं छापलेलं होतं. यापेक्षा पक्का आधार कोणता? आणि मग तो खाली वाचायला लागला. 'प्रास्ताविकात अभिमन सुरवाडे यांनी युवकांना व्यसनमुक्तीची हाक दिली. त्यांच्या भाषणाला उपस्थितांनी टाळ्यांच्या गजरात दाद दिली.'

 ज्या वेळी हे भाषण झालं म्हणून छापलं होतं, त्या वेळी अभिमन सरकारी दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली होता, आणि ती चादर संघपालनेच सारखी केली होती.

कोडं काही नव्हतं. आपल्याकडे कार्यक्रम व्हायच्या आधीच तो 'संपन्न' होतो, हे कोणत्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारा. रविवारी तालुक्याचा वार्ताहर भेटत नाही, जागा भरून जाते, म्हणून शनिवारीच बातमी लिहून त्याच्या हातात द्यायची, सगळी झाल्यासारखी, टाळ्यांसकट. अभिमननेही तेच केलं होतं. शनिवारी दुपारी मांडवाचे बांबू उतरत असताना, एका खोक्यावर बसून तो कागद लिहीत होता, हे संघपालला लख्ख आठवलं. त्याच अंकात तिसऱ्या पानावर भडगावच्या वार्ताहराची चार ओळींची बातमी होती, 'ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार तरुण ठार'. नाव नाही, परिषदेचा उल्लेख नाही. पेपरात कोणाला ठाऊक की तिसऱ्या पानावर मेलेला माणूस पाचव्या पानावर भाषण करतोय!

त्याने पाचव्या पानाची झेरॉक्स काढून घेतली आणि बसस्टँडवर येऊन बसला. एवढं फोटो काढून चढवलं की पाटी निघाली. हितेंद्र हात जोडून बाजूला होईल. जगात कोणाला कळणार नाही. अभिमनचं नाव राहील, लिलाबाईंचा पोरगा राहील. कोणाचं काय वाईट होणार होतं? स्वतःशी असं भांडत त्याने एक बस सोडली, दुसरीही सोडली.

शेवटी त्याने तिथेच मोबाईलवर हितेंद्रला लिहिलं, "एक बातमी मिळाली, पण ती वापरता येणार नाही. ती परिषदेच्याच माणसाने आदल्या दिवशी लिहून दिली होती, आणि परिषद त्या दिवशी झाली नाही. मी तिथे होतो. माझ्याकडे दुसरं काही नाही. लेख काढा." एरंडोलला जायच्या आधीच त्याने हे करून टाकलं, कारण लिलाबाई अक्कांचं तोंड बघितल्यावर आपला धीर सुटेल, हे त्याला पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी तो लिलाबाईंच्या दारात पोचला. "जय भीम, अक्का." म्हातारीने त्याला बसवलं, पाणी दिलं. प्राची घरातच होती. संघपालने काही न लपवता सगळं सांगितलं. लेख उद्या-परवा जाणार, मोबाईलमध्ये आता अभिमन दिसणार नाही, हेही सांगितलं, आणि झेरॉक्स प्राचीच्या हातात दिली.

प्राचीने वाचली आणि पोरगी भडकलीच. "काका, अहो छापून आलंय ना हे! पेपरात आलंय! तुम्हाला कोणी विचारलं होतं ते खरं की खोटं? सगळ्या दुनियेचं खोटं त्या इंटरनेटवर चालतं, आणि आमच्याच माणसाच्या वेळी तुम्हाला नियम आठवला?"

"बेटा, मीच होतो तिथे..."

"मग गप्प बसायचं होतं! आजीकडे बघून तरी!"

 संघपालने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचीही त्याला लाज वाटत होती.

लिलाबाई मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडकल्या होत्या. "थांब वं प्राची. संघपाल, हाई कोनी लिखेल शे?"

"अभिमननेच, अक्का."

"त्यानी सोता?"

"स्वतः. माझ्यासमोर लिहिलं."

"म्हनजे पेपरवालासनं नही? हाई बठ्ठं त्यानं शे?"

"शब्दन् शब्द त्याचा आहे, अक्का. म्हणून तर ते चालत नाही."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, ती पुढे सरकली. "मंग वाच वं माय. सुरूपाशीनं वाच."

प्राचीचा राग अजून उतरला नव्हता, पण ती वाचायला लागली. पाहुण्यांची नावं, विषय, ठराव. प्रास्ताविक आलं तेव्हा लिलाबाईंनी डोळे मिटून घेतले. टाळ्यांचं वाक्य आलं तसं त्या गालातल्या गालात हसल्या, "सोताच लिखेल आनि सोताच टाळ्या!" आणि संघपाललाही रडता रडता हसू फुटलं.

प्राची शेवटाकडे आली. अशा बातम्यांच्या शेवटी राबलेल्या लोकांच्या नावांची एक ओळ असते. संघपाल अशा ओळी वाचतसुद्धा नाही, ज्ञानकोशात त्यांना जागा नसते. दुपारीही त्याने ती वाचली नव्हती. प्राचीने वाचली, "परिषदेच्या यशस्वितेसाठी संघपाल तायडे, कुंदन सोनवणे, झुलाल बिऱ्हाडे..." आणि ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "...आणि भोजन व्यवस्थेसाठी लिलाबाई सुरवाडे यांनी विशेष परिश्रम घेतले."

लिलाबाईंनी डोळे उघडले.

"मनं नाव?" लिलाबाईंनी विचारलं. "मनं नाव घालेल व्हतं त्यानी?"

"हो आजी. हे बघ, इथे." प्राचीने तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

मग म्हातारीने सांगितलं, जे तिने इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. त्या रविवारी पहाटे अभिमन मोटरसायकल बाहेर काढत होता आणि ती चुलीपुढे भाकरी थापत होती. आदल्या दिवसापासून थापतच होती, सगळ्या परिषदेच्या. छापलेली पत्रिका तिला कोणीतरी वाचून दाखवली होती, तिच्यात गल्लीतल्या पोराटोरांची नावं होती, हिचं नव्हतं. ती त्याला बोलली होती, जन्म दिला, शिकवलं, आता तुझ्या पाहुण्यांना रांधते, आणि तुला आईची आठवण नाही. तो नुसता हसला होता आणि गाडीला किक मारून गेला होता. तेच तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

तिने बोट त्या ओळीवरून काढलं नाही. "संघपाल, हाई त्यानी कव्हय लिखं?"

"शनिवारी, अक्का. दुपारी."

"शनवारले?"

"हो."

"म्हनजे मी बोलनू त्याना आधीच," लिलाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून त्या मोठ्याने रडायला लागल्या. प्राची त्यांच्या शेजारी जाऊन बसली. संघपालने झेरॉक्स उचलून घडी घालायला घेतली, तर म्हातारीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.