काचेवरची गाठ

भुतंखेतं, अंगात येणं वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी कॉमर्स शिकवणारा माणूस. त्रेपन्नाव्या वर्षी पीएच.डी. करतोय, तेव्हा विश्वास बसू नये अशी एक गोष्ट घरात आहे तेवढी पुरे... असं बायकोचं मत आहे.

विषय – गडचिरोलीच्या तेंदूपत्त्याचा परदेशी व्यापार. पान आमच्या जंगलातलं, विडी वळली जायची श्रीलंकेत. सात वर्षं झाली याला. मुदतवाढ संपत आली आणि गाइड म्हणाले, तुमच्याच भागातलं पान तिकडे पोचलं याचा पुरावा काय? पान तर सगळीकडचं सारखंच. पुरावा नसेल तर ते प्रकरण काढा. ते काढलं असतं तर प्रबंधात उरला असता फक्त ऋणनिर्देश.

कोलंबोत हाच इतिहास अभ्यासणाऱ्या एक बाई आहेत. एका बंद पडलेल्या विडी कारखान्यातली पानांची तीन जुनी पुडकी त्यांच्याकडे होती. फोटो पाठवून त्यांनी लिहिलं – पानं हात लावताच चुरतात, एकच पुडकं सोडून आत बघायची परवानगी आहे, कोणतं ते तुम्ही सांगा. आठवडाभर मी फोटो बघत बसलो. मला तिन्ही सारखीच दिसत होती.

मे महिना, दुपारचे तीन, चामोर्शीजवळचं आमचं गाव. लाइट गेलेली. माझी आत्या बाजेवर बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत – उजेड-अंधारही कळत नाही. लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवून मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तर ती स्क्रीनवरून अंगठा फिरवत होती. तिन्ही फोटो शेजारी-शेजारी उघडे. अंगठा तिसऱ्यावर थांबला.

"हे आमच्या फळीवरचं हाय," ती म्हणाली. "डाव्या हाताची गाठ हाय. याच्यात पळसाचं पान असन."

मी विचारलं, पळसाचं काऊन? मग तिने सांगितलं. फळी म्हणजे गावातली पुडकी जमा करायची जागा. हंगाम संपताना आमच्या गावच्या बाया शेवटच्या पुडक्यात एक पळसाचं पान लपवायच्या आणि त्याची गाठ डाव्या हाताने मारायच्या. तेंदू परक्या मुलखात चालला, सोबतीला गावाकडचं कोणी असावं म्हणून. पुडकी तपासणाऱ्या चेकरला ते पान दिसलं तर पुडकं बाद व्हायचं, त्यामुळे गावाबाहेर हे कोणी बोललंच नव्हतं.

मी गुपचूप फोटोंच्या जागा बदलल्या. अंगठा पुन्हा त्याच पुडक्यावर. मग फोटो उलटे केले – तरी तेच.

"किती डाव विचारशीन, बाबू? इतका शिकून राह्यला, तुले एक गाठ नाई समजत?"

डोळे मिटून मीही अंगठा फिरवून पाहिला. काच. आणि माझ्याच चिवड्याचं तेल.

तेच पुडकं सोडा, असं कळवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. मधोमध एक वेगळंच पान निघालं – गोलसर, रुंद, जाड शिरांचं. त्या बाईंना ते ओळखता येईना. आमच्या घरामागे त्याची झाडंच झाडं आहेत.

प्रकरण बचावलं. गाइड खूश झाले, फक्त एवढंच विचारलं – तिनांतून नेमकं तेच कसं निवडलंत?

संशोधनपद्धतीच्या प्रकरणात मी लिहिलंय, 'यादृच्छिक निवड' – म्हणजे रँडम, कोणतंही एक. सात वर्षांच्या कामात तेवढे दोन शब्द खोटे आहेत... त्यांच्या जागी खरं काय लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.