उणे अडीच

आमचं वाचनमंडळ खगोलशास्त्राच्या व्याख्यानाला निघालं, तेव्हा चष्मेवाले काका नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी गाडीत येऊन बसले होते. मंडळातल्या प्रत्येकाच्या नाकावर त्यांच्याच दुकानातला चष्मा. ते आम्हाला नावानं कमी आणि नंबरानं जास्त ओळखत. "या, उणे अडीच!" अशी मला चारचौघांत हाक मारत. माझं डोकंच फिरायचं.

व्याख्यात्यांनी पडद्यावर एक नक्षत्र दाखवलं. म्हणाले, "हे तारे आपल्याला शेजारी शेजारी दिसतात. प्रत्यक्षात एकमेकांपासून कित्येक प्रकाशवर्षं दूर आहेत."

काका एकटेच मोठ्यानं हसले.

"गप्प बसा हो काका!" मी डाफरलो.

परतताना ते गाडीत डोळे मिटून बसले. ड्रायव्हर एकेकाला घराशी सोडत होता. त्यानं विचारलं, "यांना कुठं सोडायचं?"

वीस वर्षं आमच्या डोळ्यांचे नंबर पाठ असलेल्या माणसाच्या घराचा नंबर आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हता.

डोळे न उघडताच काका म्हणाले, "दुकानाशीच सोड रे. सकाळी उणे अडीच येतील. त्यांच्या चष्म्याची काडी सैल झालीय."