हळदीच्या गाडीतून विद्यापीठात

रिकामी गाडी मुंबईकडे न्यायची, हे आमच्या दादाच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळे नवी मुंबईतलं विद्यापीठ बघायला आम्ही निघालो तेही हळदीची पोती भरलेल्या पिकअपमधून. दादा स्टेअरिंगवर, मधे त्याची मुलगी प्रणाली आणि खिडकीशी मी, तिची आत्या. दारात वहिनी म्हणाली, "स्थळ बघायला निघाल्यासारखं निघालाय. नीट चौकशी करा म्हणजे झालं."

चौकशी करायची होतीच. प्रणालीला प्रवेश मिळाला होता, पण मुख्य विषय कोणता घेणार हे दोन दिवसांत कळवायचं होतं. त्याआधी विद्यापीठानं पालकांना सगळे विभाग बघायला बोलावलं होतं. घरात विषय ठरल्यातच जमा होता : व्यवसाय व्यवस्थापन. दादाचा हळदीचा व्यापार आहे, पोरगी शिकून तो वाढवेल, नाहीतर मोठ्या कंपनीत लागेल. शेवटचा शब्द माझा. कारण आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तालुक्याच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं, पतसंस्थेत नोकरीला लागले, आणि तेव्हापासून घरात शाळा-कॉलेजाचा काही प्रश्न आला की "ताईला विचारा" असं म्हणतात. मला ते आवडतं. उगाच नाही कशाला म्हणू?

सकाळी एक्स्प्रेस-वे उतरून कळंबोलीच्या पुढे आलो. आपल्याकडे गाव आधी लांबून दिसतं, मग जवळ येतं. इथे तसं नाही. एक मोठा पूल उतरलो आणि आम्ही शहराच्या आतच होतो. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला इमारती, मधूनच खाडीचा खारा वास. प्रणालीनं काच खाली केली आणि पुन्हा वर केली नाही.

पहिला मुक्काम तुर्भे. मसाल्याच्या बाजारात ट्रकांच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. मिरचीनं सगळे शिंकत होते, हमाल पोत्यांखालून वाट काढत होते. दादा एका पांढरी टोपी घातलेल्या व्यापाऱ्याजवळ गेला. भाव आता उघड बोलून ठरतो, पण ही दोघं जुनी माणसं. व्यापाऱ्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांचे हात त्याखाली गेले आणि तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा चालल्या. ह्याला हत्ता म्हणतात (रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही). व्यापारी हसला, रुमाल झटकला, सौदा झाला.

पोती उतरेपर्यंत दादाचा परीटघडीचा पांढरा शर्ट पिवळा झाला होता. "आता असाच येणार विद्यापीठात?" मी म्हटलं.

"का? चोरी केलीया व्हय?"

विद्यापीठ नेरूळच्या बाजूला. काचेची उंच इमारत, समोर हिरवळ. फाटकावरच्या वॉचमननं पिकअप बघून हात आडवा केला. "दादूस, माल उतरायचा गेट मागं हाय."

"माल न्हाई. पोरगी हाय. प्रवेशाला."

वॉचमननं वाकून आत बघितलं, प्रणालीला बघितलं, आणि बाजूला झाला. "मंग अशी सामनेशी लाव ना, त्या मोठ्या गाडीच्या बाजूला. कोनी बोलला तं माजा नाव सांग." आम्ही एका लांबलचक काळ्या मोटारीशेजारी हळदीची पिकअप लावली. दादाला ते फार आवडलं. दोनदा मागे वळून बघितलं त्यानं.

व्यवस्थापन विभागात थंडगार सभागृह, मोठा पडदा आणि गर्दी. सूट घातलेली एक तरुण मुलगी छान बोलत होती. कंपन्या, इंटर्नशिप, पॅकेज. दादानं हात वर केला. "शेवटी पोरगी नांदंल कुठं ते सांगा."

सभागृह हसलं. ती मुलगी मात्र गडबडली नाही. "काका, बँकेत, मार्केटिंगमध्ये, लॉजिस्टिक्समध्ये. इथून जवळच द्रोणागिरीला बंदराची गोदामं आहेत, आमचे कितीतरी विद्यार्थी तिथे आहेत."

"गोदाम," दादा माझ्या कानात म्हणाला. "गोदाम आपल्याला कळतं." मी मान डोलावली. प्रणाली पडद्याकडे बघत होती. आपल्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात मुली चहाच्या कपाकडे बघतात तशी.

पुढच्या मजल्यावर गुन्हेशास्त्र. तिथे दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी नकाशा लावून उभी होती. औद्योगिक वसाहतीतून संध्याकाळी सुटणाऱ्या बायका कोणत्या रस्त्यानं जातात, कोणता टाळतात आणि का, हे त्यांच्या वर्गानं बायकांना विचारून रंगांनी दाखवलं होतं.

"म्हंजे पोलीस व्हायचं," दादा म्हणाला.

"नाही काका. पोलीस यायच्या आधीचं काम. दिवा कुठे नाही, बसस्टॉप कुठे चुकलाय, ते बघायचं."

"मग ते नगरपालिकेनं बघावं की."

"तेच त्यांना सांगायचं असतं," ती हसून म्हणाली. मी त्या नकाशासमोर जरा जास्तच थांबले. पतसंस्थेतून घरी येताना मीही एक गल्ली टाळते. त्याचा अभ्यास असतो, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी मागच्या रस्त्याला एका आगरी बाईच्या खानावळीत जेवलो. तांदळाची मऊ भाकरी, सुक्या जवळ्याचं कालवण (जवळा म्हणजे बारीक कोलंबीसारखी सुकी मासळी). दादानं आधी नाक मुरडलं, मग तिसरी भाकरी मागितली. बाईनं प्रणालीला विचारलं, "कंच्या कालेजान चाललीस गो?" प्रणालीनं बोट दाखवलं. "त्या? ती आमची भाताची खाचरा होती. माजा सासरा तिथंच म्हातारा झालेला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "शिक बाय. जागा चांगली हाय, पानी लागतंय."

गणित विभागात आमच्याशिवाय कुणीच पालक नव्हते. एक सर फळ्यासमोर एकटेच. आम्हाला बघून त्यांना इतका आनंद झाला की मलाच वाईट वाटलं. "गणितात पुढं काय?" दादानं विचारलं.

"पुढे गणितच," सर म्हणाले. मग स्वतःच हसले. "नाही, नोकऱ्या आहेत हो. पण आधी आवडलं पाहिजे." त्यांनी प्रणालीला एक कोडं घातलं. ती फळ्यापाशी गेली, खडू घेतला. बरोबर आलं की नाही मला समजलं नाही, पण सरांनी मधे बोलणं थांबवलं एवढं मी पाहिलं. "हिला गणित द्याच," ते आम्हाला म्हणाले. "मुख्य नाही तर जोडविषय म्हणून तरी."

दादा घड्याळ बघायला लागला. राहिला होता एकच विभाग, भाषाशास्त्र, आणि तो तर बघायचाही नव्हता. "बोलता येतंच की सगळ्यांना. त्यात काय शिकायचं?" पण जिन्याच्या वाटेवरच त्यांची खोली होती, आणि दारातल्या मॅडमनी दादाच्या शर्टाकडे बघून विचारलं, "हळद का?"

"व्हय. तुर्भ्याला उतरवून आलो."

"मग हत्ता अजून चालतो का हो तिकडे? मी फक्त ऐकलंय. मला कुणी दाखवलेला नाही."

दादानं माझ्याकडे बघितलं. ही गोष्ट बाहेरच्या माणसाशी बोलायची नसते. बाईमाणसाशी तर नाहीच. आमच्याकडे सागरला, प्रणालीच्या भावाला, दादानं घरी टॉवेलाखाली हत्ता शिकवला. मला नाही, वहिनीला नाही. बायकांनी त्या रुमालाखाली हात घातल्याचं मी आयुष्यात बघितलेलं नाही.

प्रणालीनं गळ्यातली ओढणी काढली. मॅडमचा हात धरला आणि वर ओढणी टाकली. "हे पाच," ती म्हणाली. "हे सहा. आता तुम्ही सांगा, हे काय?"

"आठ?"

"नाही. सात."

दादाचा चेहरा उतरला. "प्रणाली!" तो मोठ्यानं म्हणाला. खोलीतली दोन-चार मुलं वळली. "तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही सागरला शिकवत होता ना पप्पा, तेव्हा शेजारी बसून मी टॉवेल हलायचा ते बघायचे. मग तो माझ्यावर सराव करायचा."

"ती बाजारातली गोष्ट हाय. चारचौघांत उघडी करायची नसती!"

मॅडमनी चटकन हात काढून घेतला. "काका, चुकलं माझं. विचारायला नको होतं. हे मी कुठे लिहिणार नाही." त्या खरंच ओशाळल्या होत्या. आम्ही निघणार एवढ्यात त्यांनी फक्त प्रणालीकडे वळून विचारलं, "एकच सांग. भाव नको सांगू. तेच बोट पाचही सांगतं, पन्नासही आणि पाचशेही. मग समोरच्याला कळतं कसं?"

प्रणाली थांबली. बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "ते बोटांत नसतंच, मॅडम. दोघांनी माल बघितलेला असतो. अर्धं बोलणं तिथंच झालेलं असतं."

मॅडम हळूच म्हणाल्या, "आमचं पहिलं वर्ष ह्याच प्रश्नावर जातं."

परतीच्या वाटेला लागलो. रिकामी गाडी खडखडत होती. घाटाच्या माथ्यावर चहाला थांबलो तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. प्रणाली गाडीतच होती, काच खाली केलेली; ऐकत असणारच.

"ताई, तू शिकलेली. पोरीचं मन त्या शेवटच्या खोलीतच राहिलंय, दिसतंय मला. सांग. ती भाषा का काय, ते घेऊन पोरीचं भलं होईल का?"

हा माझा क्षण होता. व्यवसाय व्यवस्थापन म्हटलं असतं की विषय संपला असता. घरी सगळे खूश, दादाही सुटला असता. पण मला माझं कॉलेज आठवलं. तिथे दोनच शाखा होत्या. आर्ट्सला नोकरी नाही म्हणून कॉमर्स, एवढाच विचार. मी मन लावून शिकले, आणि त्याचा अभिमान मला आहे. पण मी काहीतरी निवडलं, असं मी इतकी वर्षं समजत होते. आज एका मुलीला चार दारांशी उभं राहिलेलं बघितल्यावर कळलं, माझ्यापुढे दारच एक होतं.

"दादा, मला माहीत नाही," मी म्हटलं. "भाषाशास्त्र म्हणजे काय, ते मला आज दुपारी कळलं. तेही अर्धंच. तिला विचार."

दादा बघतच राहिला. माझ्या तोंडून "माहीत नाही" त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मग फक्कन हसला. "म्हंजे दोघंबी सारखेच की गं आपण." आणि खिडकीकडे जाऊन, सौद्याला उभं राहतात तसं नाही, तर पोरीपुढे उभं राहतात तसं उभं राहून म्हणाला, "बोल. काय घेतीस?"

"भाषाशास्त्र. जोडीला गणित."

"नोकरी लागली न्हाई तर?"

"तर हळद विकीन. ते मला येतंच."

दादानं चहाचा कप ठेवला आणि गाडी सुरू केली. हो म्हणाला नाही, नकोही म्हणाला नाही.

गावी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. वहिनी, सागर, शेजारची काकू, सगळे अंगणात. "झाली का चौकशी? काय ठरलं?" असं विचारून सगळे सवयीनं माझ्याकडे बघायला लागले. मी चपला काढत राहिले.

दादानं पिवळा शर्ट झटकला. "माणसं बोलत्यात त्याच्या आत काय चालतंय, ते शोधायचं शिक्षण हाय," तो म्हणाला. "लई अवघड असतंय. सगळ्यांना न्हाई जमत. आपल्या पोरीला जमतंय."

शेजारच्या काकूनं विचारलं, "म्हणजे नक्की काय रे?"

"ते तिलाच इचारा," दादा म्हणाला, आणि हात-पाय धुवायला मोरीकडे गेला.