बॉम्ब हा शब्द चालणार नाही

कॅनडातल्या किचनर शहरात ज्या सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंग करते, तिथे माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारी मैत्रीण मूळची गाझाची. युद्ध सुरू झालं आणि ती चित्रं काढायला लागली. चित्रं फक्त स्वयंपाकघरांची. तिच्या नात्यातली जी जी घरं पडली, त्यांची. फोटो कुणाकडेच उरले नव्हते, म्हणून फोन लागेल तेव्हा ती तंबूत राहणाऱ्या मावशीला विचारायची. एकदा लंच रूममध्ये तिने मला मावशीचा व्हॉइस मेसेज ऐकवला आणि इंग्रजीत सांगत गेली. मावशी चक्क भांडत होती. "नळ उजवीकडे कसा काढलास? जन्मभर तिथे भांडी घासली मी. आधी विचारायचं ना!" मागे सतत घरघर ऐकू येत होती. "ड्रोन," मैत्रीण म्हणाली आणि तिने डबा उघडला.

ही चित्रं लोकांनी बघावीत, सोबत थोडी कविता, थोडं गाणं व्हावं, असं आम्ही ठरवलं. पण हॉल मिळेना. कुठे तारखाच नव्हत्या, कुठे कार्यक्रमाच्या नावातलं 'गाझा' ऐकल्यावर तारखा संपायच्या. आमच्या मराठी मंडळाचा गणपती ज्या कम्युनिटी हॉलमध्ये होतो, तो अखेर मिळाला. मंडळाच्या सांस्कृतिक समितीत असल्याने तिथले लोक मला ओळखत होते. बुकिंग मी माझ्याच नावावर केलं.

तरी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आलाच.

"वहिनी, पोस्टर बघितलं. चांगलंय. पण आपण यात कशाला पडायचं?"

"मंडळाचं नाव कुठेच नाहीये."

"तुमचं आहे ना. लोक तुम्हाला मंडळामुळेच ओळखतात. उद्या कुणाचं पीआर, कायम राहण्याची परवानगी, अडकली, कुणाची नोकरी गेली तर?"

"चित्रं स्वयंपाकघरांची आहेत हो."

"तेच म्हणतोय. मग पोस्टरवर नुसतं 'मिडल ईस्टर्न आर्ट' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चित्रं लावली. मार्च होता, पार्किंगमध्ये बर्फाचा नुसता चिखल. प्रत्येक चित्राखाली मैत्रिणीने एक छोटं कार्ड चिकटवलं होतं: कुणाचं स्वयंपाकघर, कुठलं गाव, आणि शेवटी 'बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त'. लोक यायला थोडा वेळ असताना हॉलचा मॅनेजर आला. गोड बोलणारा माणूस. हात मागे बांधून त्याने सगळी कार्डं वाचली.

"चित्रं सुंदर आहेत," तो म्हणाला. "पण बॉम्ब हा शब्द इथे चालणार नाही. इथे लहान मुलं येतात, काही लोकांना अनसेफ वाटेल. 'आता अस्तित्वात नाही' असं लिहिता येईल?"

"म्हणजे घर आपोआप नाहीसं झालं?" मी विचारलं.

"आय हिअर यू," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. ऐकू येतंय म्हणतो, आणि जे झालं ते झालं म्हणायची सोय नाही! घर पाडणाऱ्याचं नाव कार्डावर नव्हतंच. नुसतं कशाने पडलं तेवढं होतं, आणि तेवढंही यांना जड. मी आवाज चढवला. मैत्रिणीने माझा दंड धरला. "थांब. आत्ता भांडलीस तर तो दिवे बंद करेल." मग तिने एकेक कार्ड काढलं, पर्समध्ये टाकलं. मॅनेजरने थँक यू म्हटलं. तेही मनापासून.

लोक आले. मैत्रीण पहिल्या चित्रापाशी उभी राहिली आणि माइक न घेता म्हणाली, "हे माझ्या मावशीचं स्वयंपाकघर. यावर बॉम्ब पडला." मग दुसऱ्यापाशी गेली. "हे माझ्या मामाचं. यावर बॉम्ब पडला." सगळा हॉल तिच्यामागून चित्रामागून चित्र चालत होता. मॅनेजर दारात उभा होता. तिच्या आवाजात रडू नव्हतं. हजेरी घ्यावी तशी ती बोलत होती, आणि माझी मूठ आवळलेली होती.

मग एका विद्यार्थिनीने आधी अरबीत आणि मग इंग्रजीत स्वतःची कविता वाचली. तिचे गाझातले आजोबा फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, जेवलात का? आता घरात तो प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही, कारण उत्तर माहीत आहे. एवढीच कविता. मला पुढचं काही वेळ ऐकूच आलं नाही. आमच्याकडेही फोन याच प्रश्नाने सुरू होतो.

टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "खूप मूव्हिंग होतं. शेवटी काहीतरी होपफुल वाचाल का? आम्हाला फार हेवी वाटतंय."

पोरगी कागदांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही घरी गेल्यावर हलकं वाटेल."

मग ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायला आलेले, शेजारच्या केंब्रिज गावातल्या मोटार कारखान्यात काम करणारे गृहस्थ पुढे सरकले. तारा जुळवत म्हणाले, "हे आमच्याकडे लग्नात म्हणतात. होप म्हणून नाही वाजवत. मला येतं म्हणून वाजवतोय." मागच्या रांगांतल्या बायका गाऊ लागल्या, मोठ्याने, ताल चुकला तरी. पहिल्यांदाच त्या संध्याकाळी माझी मूठ सैल झाली. पण राग गेला नाही.

आठवड्याभरात मंडळाची मीटिंग झाली. समितीतल्या कुणीही बाहेरचा कार्यक्रम करण्याआधी परवानगी घ्यावी, असा नियम आला.

"मागे गुजराती मंडळींच्या गरब्याचं बुकिंग मीच करून दिलं होतं, तेव्हा परवानगी नाही विचारलीत?" मी म्हटलं.

"ते वेगळं," अध्यक्ष म्हणाले.

"काय वेगळं, ते सांगा ना."

"वहिनी, तुम्ही रागावलात."

"हो. रागावलेय."

चहा आला. मी तिथेच समिती सोडली.

घरी पोचेपर्यंत फोनवर तीन मेसेज आले होते, तिन्ही मीटिंगमध्ये मान खाली घालून बसलेल्यांचे. तुम्ही बरोबर केलंत, आम्ही मनाने तुमच्याबरोबर आहोत, पण हे ग्रुपवर टाकू नका. अध्यक्षांनी निदान तोंडावर तरी सांगितलं होतं. या तिघांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.